एकट्याने, स्वस्तात

जर्मनभाषक शहरांतून काटकसरीने हिंडणाऱ्याचा मुख्य आधार म्हणजे डॉइचलांड-टिकेट. मे २०२३ मध्ये ते ४९ युरोंना निघाले, २०२५ मध्ये ५८ वर गेले. त्यावर महिनाभर प्रादेशिक गाड्यांत बसता येते. वेगवान आयसीई मात्र वर्ज्य. त्यामुळे म्युनिक ते बर्लिन हा चार तासांचा प्रवास दिवसभर पुरवून करता येतो. बव्हेरिया राज्यापुरते एका दिवसाचे बायर्न-टिकेट पाच जणांपर्यंत चालते. जोडीदारामागे किंमत थोडीच वाढते, म्हणून दरडोई सर्वांत महाग पडतो तो एकटा जीव. शिवाय कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतरच लागू. गरिबाने झोप मोडू नये, ही रेल्वेची काळजी. सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर तिथे वेळेवरच धरतात. रद्द झालेली गाडी तर या हिशेबात येतच नाही. न धावलेली गाडी उशिरा तरी कशी पोहोचणार? ऑस्ट्रियात जर्मन तिकीट साल्झबुर्गच्या स्टेशनापर्यंत सोबत करते. स्वित्झर्लंडमध्ये आधी पैसे मोजून हाल्बटॅक्स कार्ड घ्यावे, मग बहुतेक भाडी निम्मी होतात. वाचलेल्या पैशांत झुरिच स्टेशनवर कॉफी येते. लहान कपातली.