खराटाकाका

पुण्यातल्या जुन्या, तीनमजली, लिफ्ट नसलेल्या सोसायटीत एक खराटाकाका असतातच. नोकरी बहुधा बँकेत झालेली, गुडघे कुरकुरणारे, डोक्यावर माकडटोपी. जानेवारी सरता सरता झाडं पानं टाकू लागली की यांच्या अंगात येतं. सहाच्या आत खाली खर्र खर्र सुरू, आणि वरच्या मजल्यावर लोक उशी कानावर घेतात.

झाडणाऱ्या मावशी आठला येतात, तोवर अंगण आटोपलेलं असतं. मावशींची त्यावर काही तक्रार नाही. काकांची आहे. "त्या झाडत नाहीत हो, कचऱ्याला फिरवून आणतात!"

खराटा त्यांचा स्वतःचा. माडाच्या हिरांचा, थेट सासुरवाडीहून, गुहागरहून मागवलेला. (सासुरवाडीचं त्यांनी केलेलं हे एकमेव कौतुक.) आधी त्याचा बुंधा फरशीवर दोनदा आपटून हीर बसवायचे, सैल वाटले तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा आवळायचा. मग भिंतीकडून फाटकाकडे उलट्या पावली सरकत यायचं, म्हणजे स्वतःचा ठसासुद्धा मागे राहत नाही. मातीवर खराट्याच्या अर्धगोल रेघा एकीला एक लागून उमटतात. वर पाण्याचा सडा. एवढं झालं की काका कमरेवर हात ठेवून बघत उभे राहतात. त्या वेळी अंगणातून कोणी जायचं नसतं. पेपरवाला पोरगा भिंत धरून जातो. नव्याने राहायला आलेला एक संगणक अभियंता एकदा सरळ मधून चालत गेला. त्याच्या पार्किंगचा प्रश्न पुढे बरेच महिने सुटला नाही.

झाडांकडे काका कॅशियरच्या नजरेने पाहतात. देशी बदाम म्हणजे मोठ्या नोटा: पान तांबडं, तळहाताहून मोठं, दहा उचलली की टोपलीला तळ आलाच. गुलमोहर म्हणजे चिल्लर, खराट्याच्या हिरांतून निसटणारी. कंपाउंडलगतचा उंच खोटा अशोक थकबाकीदार, बारा महिने हप्त्याहप्त्याने टाकणार आणि हिशेब कधी पुरा करणार नाही. पिंपळाबद्दल ते बोलत नाहीत. देवाचं झाड.

याच माणसाला चहाचा रिकामा कप मोरीपर्यंत नेण्याचं सुचत नाही, असं काकू सांगतात. घरातली केरसुणी कुठे असते, हे त्यांना लग्नापासून ठाऊक नाही.

जमवलेला पाचोळा मागच्या बाजूला कोंबडजाळीच्या पिंजऱ्यात जातो. नुसती वाळकी पानं लवकर कुजत नाहीत, म्हणून शेण-गुळाचं पाणी, आणि सोसायटीभर हिंडून गोळा केलेलं आंबट ताक. सकाळी दारात पातेलं घेऊन उभा असलेला सभ्य गृहस्थ भिक्षा मागतोय की वर्गणी, हे नव्या भाडेकरूंना कळत नाही. एकदा थंडीत वॉचमनने त्यातली मूठभर पानं शेकोटीला घेतली. काकांनी त्याला राष्ट्रीय हरित लवादाचा 2016 चा आदेश ऐकवला: उघड्यावर कचरा जाळला तर पाच हजार दंड. त्याने शेकोटी विझवली आणि काकांकडेच स्वेटर मागितला. मिळाला.

फेब्रुवारीत भरलेला पिंजरा दिवाळीला उपसायचा. तळाचं काळंभोर, भुसभुशीत खत श्रीखंडाच्या डब्यांत भरून घरोघरी जातं. ज्यांच्याकडे कुंडी नाही त्यांनाही जातं. वास घेतल्याशिवाय काका डबा हातात देत नाहीत. वास तुम्ही घ्यायचा.

"हे झाड आहे की कचरापेटी!" असं बदामाला उद्देशून ते रोज म्हणत. म्हणून गेल्या सभेत एका सद्भावी सभासदाने तो छाटूनच टाकण्याचा ठराव मांडला, आणि पाठिंब्यासाठी काकांकडे पाहिलं. काका उठले. झाडांचं संरक्षण करणारा 1975 चा कायदा, महापालिकेची परवानगी, वृक्ष प्राधिकरण असं सगळं त्यांनी मुखोद्गत म्हटलं. शिवाय छाटणाऱ्यांची नावं कार्यवृत्तात लिहून ठेवा म्हणाले. ठराव बारगळला.

मार्च संपता संपता बदामाला पोपटी पालवी फुटते. लोक मोबाइल वर करून फोटो काढतात. काका मात्र उदास. झाडायला फारसं काही नाही, चिडचिड वाढलेली, काकूंच्या फोडणीत खोट काढणं सुरू. शेवटी परवा संध्याकाळी ते शेजारच्या सोसायटीच्या फाटकाशी दिसले. पाचोळ्याची दोन पोती तिथल्या वॉचमनकडून ताब्यात घेत होते, आणि वर त्यालाच दरडावत होते, "उद्यापासून घंटागाडीत टाकायचं नाही. मी येतो सहाला."