पुढल्या वर्षी बघा!

रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी देशाला विचारते, काय, कसं काय? आपल्याकडे याचं उत्तर ठरलेलं आहे. ‘चाललंय.’ बँकेला मात्र एवढ्यावर भागत नाही. तिला उत्तर तीनपैकी एका खणात हवं असतं: सुधारलं, तसंच आहे, बिघडलं. देशातली १९ शहरं, सहा हजारांच्या आसपास घरं आणि पाच विषय: देशाची आर्थिक स्थिती, नोकऱ्या, भाव, घरचं उत्पन्न, घरचा खर्च. प्रत्येक विषयावर प्रश्न दोन. वर्षापूर्वीच्या मानानं आज कसं? आणि आणखी वर्षानं कसं असेल? बरं म्हणणाऱ्यांच्या टक्क्यांतून वाईट म्हणणाऱ्यांचे टक्के वजा करायचे, पाचांची सरासरी काढायची, तीत १०० मिळवायचे, की झाला निर्देशांक. शंभराच्या वर आशा, खाली निराशा. पतधोरणाच्या दिवशी निकाल लागतो आणि रेपो दराच्या मथळ्याखाली गुपचूप पडून राहतो.

महाराष्ट्रातून यात मुंबई आहे, नागपूर आहे. पुणे नाही. जगातल्या यच्चयावत विषयांवर मत बाळगणारं शहर नेमकं वगळण्यात बँकेची दूरदृष्टी दिसते. तिथे तीन खण पुरले नसते, पुरवणी जोडावी लागली असती.

आता गंमत खर्चाच्या खणात. समजा, नागपुरात धरमपेठेतल्या एका घराची बेल वाजली. काकूंनी दार उघडलं. भाव? ‘वाढले न भाऊ, विचारता काय!’ पडला उणे गुण. मग खर्च? ‘आता भाव वाढले तर खर्च वाढंलच न!’ आणि इथे पडतो अधिक गुण. कारण खर्च वाढला म्हणजे ग्राहकाचा हात सैल झाला, असं या निर्देशांकाचं गणित मानतं. म्हणजे तेलाचा तोच एक डबा भावाच्या खणात काकूंना निराश ठरवतो आणि खर्चाच्या खणात आशावादी. काकू मात्र दोन्ही वेळा वैतागलेल्याच होत्या. जीवनावश्यक खर्च किती आणि हौसेचा किती, हे सर्वेक्षण वेगळं विचारतंही. पण निर्देशांकात दोन्हींची मोट एकच.

भावांबद्दल तर सरकार आणि स्वयंपाकघर यांचं कधीच पटत नाही. २०२५ च्या मध्यावर किरकोळ महागाईचा सरकारी आकडा दोन टक्क्यांच्या आसपास उतरला होता. त्याच सुमाराला रिझर्व्ह बँकेच्याच दुसऱ्या सर्वेक्षणात घरांनी आपल्याला जाणवणारी महागाई सांगितली सात टक्क्यांच्या घरात. लोकांना चढलेला भाव आठवतो आणि उतरलेला आठवत नाही, असं तज्ज्ञ म्हणतात. खरं असेल. पण महागाई उतरली म्हणजे भाव उतरले असं नव्हे, ते फक्त आधीपेक्षा सावकाश चढू लागले. आणि पाच रुपयांचा बिस्किटपुडा पाच रुपयांतच राहिला, फक्त आतली बिस्किटं कमी झाली, तर घरच्या हिशेबात ती महागाईच. सांख्यिकी खातंही वजन बघतं म्हणा, पण चहात बुडवायला बिस्कीट उरत नाही तेव्हा ते खातं कोणाला आठवतं?

असो. खरा मासला पुढे आहे.

या सर्वेक्षणात दोन निर्देशांक निघतात, एक आजचा आणि एक उद्याचा. आजचा २०१९ च्या मध्यावर शंभराखाली गेला आणि पुढची सहा वर्षं काही केल्या वर आला नाही. मे २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, तो ४८.५ पर्यंत घसरला. उद्याचा मात्र टुणटुणीत. त्या भयंकर मे महिन्यातही तो ९६.४ होता. ऑक्सिजनसाठी रांगा लागलेल्या असताना माणसं पुढल्या वर्षाबद्दल जवळजवळ बरं बोलत होती!

मार्च २०२४ घ्या. आजचा ९८.५, उद्याचा १२५.२. म्हणजे लोक छातीठोकपणे म्हणाले, वर्षभर थांबा, मग बघा. वर्षभर थांबलो. मार्च २०२५ मध्ये त्या ‘उद्या’चा ‘आज’ झाला आणि भरला ९५.५. शंभराच्या वर जायचं राहिलं बाजूला, होता त्याहून तीन अंकांनी खाली. बरं, मग लोकांनी धडा घेतला असेल? छे. त्याच महिन्यात त्यांनी पुढल्या वर्षाला १२२.४ गुण देऊन टाकले. आपल्याकडे हवामान खात्याचा अंदाज चुकला की लोक वर्षभर टिंगल करतात. स्वतःचा चुकला की पुढची तारीख देतात.

लोक भोळे आहेत म्हणून असं होतं, असं मला वाटत नाही. जरा त्यांच्या बाजूनं बघा. ज्यानं वीस वर्षांच्या गृहकर्जावर सही केली आहे, तो दारात आलेल्या माणसाला ‘पुढल्या वर्षी माझं उत्पन्न घटेल’ असं सांगेल? ते सांगायचं तर आधी स्वतःशी कबूल करायला हवं, आणि कबूल केलं तर रात्री झोप कशी लागायची? पुढल्या वर्षी बरं होईल, हा त्याचा अंदाज नाहीच. तो हप्त्याचाच एक भाग आहे. फोन ‘झिरो डाउन पेमेंट’वर घेणाऱ्यालाही तो भरावा लागतो.

२०२२-२३ मध्ये घरांची निव्वळ आर्थिक बचत जीडीपीच्या सव्वापाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे कित्येक दशकांच्या नीचांकावर आली, तेव्हा अर्थ मंत्रालयानं समजूत काढली होती की हे हलाखीचं लक्षण नाही, लोक कर्ज काढून घरं आणि गाड्या घेताहेत. मान्य. पण मार्च २०२५ पर्यंतच्या वर्षभरात बँकांचं सोनेतारण कर्ज दुपटीच्या वर गेलं, ते कशासाठी? यात काही वाटा सोन्याच्या चढलेल्या भावाचा आणि काही बँकांनी कर्जांचं वर्गीकरण बदलल्याचा, हेही मान्य. तरी पाटल्या घेऊन काउंटरसमोर बसलेल्या बाईला, ताई, तुम्ही गाडी घेताय का, असं विचारायची कोणाची छाती आहे?

तेव्हा रिझर्व्ह बँकेला एक सूचना. आणखी एक प्रश्न घाला: गेल्या वर्षी तुम्ही काय म्हणाला होतात? अर्थात तेही जमणार नाही, कारण दर फेरीला दारं नवी, माणसं नवी. देशाला बरं वाटायला ही सोय मोठी आहे.

निकालाबरोबर रिझर्व्ह बँक एक खुलासा न विसरता देते, की ही मतं उत्तरं देणाऱ्यांची आहेत, बँक त्यांच्याशी सहमत असेलच असं नाही. कर्ज वाटणाऱ्या बँका मात्र या आशेशी पूर्ण सहमत आहेत, साडेदहा टक्क्यांनी.