दुसऱ्या गोळीचा प्रश्न

ऑक्टोबर लागला की अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात, बंदुकीच्या कुठल्याही दुकानात एक गृहस्थ हमखास भेटतो. पन्नाशी उलटलेली, डोक्यावर भडक नारिंगी टोपी, हातात कॉफीचा कागदी पेला. त्याला हरणाच्या शिकारीसाठी रायफल घ्यायची असते. गेली कित्येक वर्षं घ्यायचीच असते. आपल्याकडे वधूसंशोधनाला निघालेली मंडळी घरोघरचे पोहे खाऊन ‘कळवतो’ म्हणत उठतात, तसा हा एकेक रायफल खांद्याला लावून खाली ठेवतो. पत्रिका अडते ती एकाच ग्रहावर: ॲक्शन.

ॲक्शन म्हणजे झाडलेल्या काडतुसाची पुंगळी बाहेर फेकून नवं काडतूस नळीत बसवणारी यंत्रणा. थोडक्यात, सगळा खल दुसऱ्या गोळीचा. आपली पहिली गोळी चुकेल, हे मात्र या गृहस्थाने आजवर कबूल केलेलं नाही.

आधी हात जातो विंचेस्टर ९४ कडे. जॉन ब्राउनिंगने आराखडा केलेली, १८९४ ची, लिव्हरची रायफल. चापाभोवतालची कडी खाली ओढून वर घेतली की काउबॉयच्या सिनेमातला तो खटॅक-खटॅक आवाज येतो आणि गृहस्थ दहा वर्षांचा होतो. अशा सत्तर लाखांवर रायफली निघाल्या, म्हणजे घराणं नामांकित. पण नळीखालच्या नळकांड्यात काडतुसं आगगाडीच्या डब्यांसारखी एकामागे एक बसतात. गोळी टोकदार असली तर धक्क्यासरशी पुढच्या काडतुसाच्या बुडावर आपटून तिथेच बार उडायचा, म्हणून त्यात बोथट गोळ्या भरण्याची रीत. आता मऊ टोकाच्याही मिळतात, असं दुकानदार सुचवतो. गृहस्थ म्हणतो, “बघू.”

मग बोल्ट. इथे तो खरा खुलतो. मूठ उचला, मागे ओढा, पुढे ढकला, खाली दाबा. दाराची कडी लावण्याइतकं सरळ, आणि तितकंच भरवशाचं. जर्मन माउझरने १८९८ मध्ये घालून दिलेला हा कित्ता. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला १९०७ मध्ये भेट मिळालेली रिग्बी रायफलही माउझर बोल्टचीच, हे तो दुकानदाराला दरवर्षी नव्याने सांगतो. पेन्सिल्व्हेनियात वाघ नाहीत, हे दुकानदार दरवर्षी गिळतो.

विंचेस्टरची मॉडेल ७० त्याला पसंत पडते, पण चौसष्टपूर्व हवी. ही रायफल १९३६ ची. १९६४ मध्ये कंपनीने खर्च वाचवायला तिच्यात बदल केले आणि काडतुसाला पहिल्यापासून घट्ट धरून ठेवणारा पोलादी पंजा काढला. पुढे तो परत आला, पण एकदा मोडलेला विश्वास! आमच्याकडे जुन्या गिरणीच्या धोतराबद्दल असंच बोलत.

उरला पंप. रेमिंग्टन ७६०, साल १९५२. डाव्या हाताने पुढची मूठ मागे-पुढे करायची, उजवा चापावरून हलतच नाही. विजेच्या तारा घरात न घेणाऱ्या, घोडागाडीतून फिरणाऱ्या आमिश लोकांच्या या मुलखात तिला ‘आमिश मशीनगन’ असं लाडकं नाव आहे. त्याला कारण कायदा. आपोआप भरणाऱ्या रायफलीने शिकारीला राज्यात बंदीच होती. २०१७ मध्ये छोट्या सावजांपुरती ती उठली, हरणासाठी नाही. तेव्हा भराभर बार काढायचे तर पंपाला पर्याय कोणता?

एकेका काडतुसाची रुगर नंबर वनही तो हातात घेतो. चांगली दहा मिनिटं. दुसरी गोळी हवीच कशाला, असा वैराग्याचा विचार त्याच्या चेहऱ्यावर उमटतो आणि कॉफीबरोबर संपतो.

शेवटी काडतुसांची एक पेटी घेऊन गृहस्थ घरी. हंगाम पूर्वी थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू व्हायचा, शाळांना सुट्टी असायची. २०१९ पासून तो शनिवारी आला, याचंही त्याला दुःख आहेच. त्या शनिवारी पहाटे तो वडिलांची जुनी, दस्त्यावर ओरखडे पडलेली ७६० घेऊन थंडीत झाडाखाली बसतो आणि दुसरी गोळी किती लवकर भरता येईल, याचा मनात सराव करतो.

पेन्सिल्व्हेनियात शिंगवालं हरीण एका शिकाऱ्याला वर्षाला एकच मारता येतं.