एकास बारा

पाडव्याची गुढी उभी राहिली, कडुलिंबाची चटणी तोंड वाकडं करून गिळून झाली, की आमच्या सोसायटीतल्या एका तरी घरातून पुरुषी आवाजात घोषणा ऐकू येते, “यंदा घरातली सगळी बारीकसारीक कामं मी स्वतः करणार!” या घोषणेला टाळ्या पडत नाहीत. स्वयंपाकघरातून पातेलं जरा जोरात ठेवल्याचा आवाज येतो, तेवढाच.

अशी घोषणा करणाऱ्याला आम्ही नाना म्हणतो. तुमच्याकडे तो अण्णा असेल, भाऊ असेल, मंगळुरी कौलांच्या गावात तात्या असेल. वय साठीच्या पुढे, पेन्शन चालू, गुडघे कुरकुरते आणि डोळ्यांवर चष्म्याखेरीज कपाळावर आणखी एक चष्मा. आमचे डोंबिवलीचे नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. त्यांच्या ओट्यावरचा नळ गळतो. या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध जोडलेला नानांना खपत नाही. “मी कालवे पाहायचो, नळ नव्हे,” असं ते सांगतात.

कामांची यादी नानींची असते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या समासात, बारीक अक्षरात. ओट्याच्या नळाचा वायसर. न्हाणीघराची आतली कडी. बाल्कनीच्या दाराची बिजागरी. खिडकीची डासांची जाळी. पॅसेजमधला सैल होल्डर. गेल्या पावसात ओल येऊन पोपडे धरलेली भिंत खरवडून तिला लांबी भरणं. दर वर्षी नवी दिनदर्शिका आली की नानी ही यादी जुन्या समासातून नव्या समासात उतरवून घेतात. तिच्यात भर पडलेली मी पाहिली आहे, एखादी ओळ खोडलेली पाहिली नाही.

नाना आळशी असते तर गोष्ट इथेच संपली असती. ते पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जातात. अर्ध्या इंची नळाचा वायसर घेतात. पण तो तळहातावर ठेवून पाहता पाहता त्यांचा चेहरा पालटतो. अर्धा इंच गुणिले बारा, सहा इंच. काळा, गोल, मध्ये भोक. ही तर हंड्याखालची चुंबळ! झालं. तो वायसर नळापर्यंत पोचत नाही. तो जातो बाहुलीघरातल्या माजघरात, तांब्याच्या इवल्याशा हंड्याखाली.

चैत्र शुद्ध तृतीयेला नानांच्या घरी गौर बसते, ती अक्षय्य तृतीयेपर्यंत झोपाळ्यात असते. तिच्यापुढे आरास करायची रीत जुनीच आहे. पायऱ्या, बाहुल्या, फळं, चैत्रांगणाची रांगोळी. पूर्वी नानी ती एकट्याने आणि एका दुपारी करत. एके वर्षी त्यांनी सहज म्हटलं, “अहो, बाहुल्यांना मागे एखादं खोकं लावून द्या ना घरासारखं.” नानांनी पुठ्ठ्याचं खोकं हातात घेतलं, त्याला गुण्या लावून पाहिला आणि म्हणाले, “हे काटकोनात नाही.” नानी आजही म्हणतात, की त्या दिवशी आपण जीभ आवरायला हवी होती.

बाहुलीघराचं सर्वमान्य प्रमाण एकास बारा. म्हणजे एका फुटाला एक इंच. सात फुटांचं दार सात इंचांचं, सहा फुटांचा पलंग सहा इंचांचा. हे गणित इतकं सोपं आहे की ते डोक्यात शिरलं की बाहेर निघत नाही. नानांना आता जगातली कुठलीही वस्तू तिच्या मापाची दिसत नाही. कोटाचं इंचभर रुंदीचं बटण म्हणजे बारा इंची ताट. शर्टाचं बटण म्हणजे ताटली. म्हणून नानांचे सगळे शर्ट चैत्रात गळ्याशी उघडे असतात. टूथपेस्टचं टोपण म्हणजे तुळशीशेजारची कुंडी, आणि टूथपेस्टची नळी दिवसभर तोंड उघडी टाकून बेसिनवर पडलेली. काडेपेट्या एकावर एक चिकटवल्या की खणांचं कपाट होतं, त्यामुळे देवापुढे दिवा लावायला नानींना शेजारून काडी मागावी लागते. एकदा नानींनी गौरीच्या फराळात मोहरीच्या दाण्यांचे लाडू मांडले. नानांनी ते काढायला लावले. मोहरीचा दाणा गुणिले बारा म्हणजे जेमतेम इंचभराची गोळी, तिला लाडू कोण म्हणेल? लाडवाला मिरीच हवी, वरून हळद लावलेली. नेमका तोच उन्हाळी मसाल्याचा मोसम. त्या वर्षीचा मसाला कमी तिखट झाला, एवढं मी खाल्ल्या मिठाला जागून सांगतो.

घर कशाचं बांधायचं, हा प्रश्न चैत्रच सोडवतो. मोसमातली पहिली हापूसची लाकडी पेटी, भाव न विचारता, नाना घेतात. लोकांना वाटतं, काय हौशी माणूस! नाना पेटी उघडतात, आंबे घमेल्यात ओततात आणि फळ्या उन्हाला ठेवतात. आंबे कच्चे आहेत की डागी, हे नानीच पाहतात. पेटीतल्या पेंढ्याचं गोठ्याचं छप्पर होतं. कुरिअरच्या खोक्यांच्या पन्हळी पुठ्ठ्याची कौलं होतात. नातीनं खाल्लेल्या कुल्फ्यांच्या काड्यांची जमीन होते. त्या काड्या पॉलिश पेपरने घासून, कडेला कानस मारून, फेविकॉल लावून अशा बसवलेल्या असतात की सांध्यात नख शिरत नाही. नानांच्या खऱ्या घरातल्या दिवाणखान्यात एक फरशी उचललेली आहे. तिच्यावरून नवखा पाहुणा हमखास ठेचकाळतो. सरावलेले पाहुणे ओलांडून जातात.

नानांनी फ्लॅट बांधला नाही, हे सांगायला हवं. त्यांनी बांधलं ते कोकणातलं घर. पुढे खळं, तुळशीवृंदावन, ओटी, पडवी, माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली, मागे न्हाणी आणि विहीर. तीन फूट लांब, दोन फूट रुंद. आता तुम्हीच हिशेब करा. क्षेत्रफळ १४४ पटींनी बदलतं. सहा चौरस फूट गुणिले १४४ म्हणजे ८६४ चौरस फूट. नानांचा स्वतःचा फ्लॅट ६५० चौरस फुटांचा आहे. म्हणजे बाहुली नानींपेक्षा मोठ्या घरात राहते. नानींनी हा गुणाकार केला, त्या दिवशी जेवायला आमटी नव्हती.

हे घर मावतं फक्त जेवणाच्या टेबलावर. त्यामुळे चैत्रभर नानांकडे खाली पाट मांडून पंगत बसते. गुडघेदुखीवर इलाज म्हणून नाना ती चांगली असल्याचं सांगतात. उठताना मात्र त्यांना दोघांनी हात द्यावा लागतो.

घरात राहायला ठकी आहे. नानींच्या आजीची, लाकडी, रंग उडालेली, डोळे मात्र अजून टक्क उघडे. अडचण एकच. ठकी नऊ इंचांची. एकास बाराच्या हिशेबाने बाई नऊ फूट उंच! सात इंचांच्या दारातून तिला आडवी करून आत न्यावी लागते. नाना तिला बदलायला निघाले होते. सावंतवाडीच्या चितारआळीतून बेताच्या उंचीची नवीन मागवू, म्हणाले. नानींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “घर बदला.” तेव्हापासून ठकी कायम खळ्यात बसलेली असते. पुण्याच्या तुळशीबागेतून आणलेली पितळी भातुकलीही नानांनी अर्धी परत फिरवली, कारण तिच्यातला तांब्या खुर्चीएवढा होता.

हे सगळं नातीसाठी आहे, असं नाना सर्वांना सांगतात. नातीला घरापासून हातभर लांब बसून पाहायची परवानगी आहे. सुटी लागल्यावर ती आली, आजोबा दुपारी लवंडले, आणि उठून पाहतात तो माजघरातल्या पलंगावर एक प्लास्टिकचा डायनासोर पांघरूण घेऊन झोपलेला. नानांचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. “त्याला ताप आलाय,” नात म्हणाली. नानांनी डायनासोर उचलला, सवयीने पट्टी लावली आणि गप्प झाले. तो व्हेलोसिरॅप्टर होता, शेपटीसकट बरोबर सहा इंच. खरा प्राणीही साधारण सहा फूटच लांब असे. त्या अख्ख्या कुटुंबात मापात बसणारा तो एकटाच निघाला. त्याला औषधासह परत झोपवण्यात आलं.

नानांशी वाद घालायला जाऊ नये. त्यांच्याकडे दाखले असतात. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पेट्रोनेला ऊर्टमन नावाच्या बाईंचं बाहुलीघर आहे, १६८६ ते १७१० या काळात सजवलेलं. त्याच्यावर बाईंनी केलेल्या खर्चात तिथे कालव्याकाठचं खरं घर आलं असतं. “आणि तू फेविकॉलच्या डब्याचे पैसे विचारतेस?” कालवा म्हटल्यावर नानांचा कंठ खात्याच्या आठवणीने थोडा दाटून येतो.

पण त्यांचा हुकमी एक्का म्हणजे एडविन लट्यन्स. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी १९२१ ते १९२४ मध्ये जे बाहुलीघर झालं, ते या वास्तुशिल्पज्ञाचं. एकास बाराच. आज विंडसरच्या किल्ल्यात आहे. आत विजेचे दिवे, चालणारी लिफ्ट, नळाला गरम आणि गार पाणी. बाटल्यांत खरी दारू. ग्रंथालयात आर्थर कॉनन डॉयलने मुद्दाम त्या घरासाठी लिहून दिलेली शेरलॉक होम्सची गोष्ट. हे ऐकवून झालं की नाना आवाज खाली आणतात. “आणि हे करत होता तेव्हा या माणसाकडे दुसरं काम काय चालू होतं ठाऊक आहे? दिल्लीतला व्हाइसरॉयचा वाडा! आजचं राष्ट्रपती भवन! ३४० खोल्या! मोठं काम अर्धवट असताना लहान काम हाती घेणं हे थोरामोठ्यांचं लक्षण आहे.”

नानी तेव्हा पन्ह्यात वेलदोडा कुटून घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “त्याने राष्ट्रपती भवन पुरं केलं.”

नाना त्यावर काही बोलले नाहीत. विहिरीला रहाट बसवायला निघून गेले.

मला विचाराल तर नानांचं चुकतं असं म्हणवत नाही. खऱ्या घरातली ओल ही वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून येते. वरचे म्हणतात पाइप सोसायटीचा, सोसायटी म्हणते सभेत विषय घ्या, सभेला गणपूर्ती होत नाही. बिल्डरने बांधलेली एकही भिंत ओळंब्यात नाही, त्यामुळे सरळ जाळी बसवली की ती वाकडी दिसते आणि दोष बसवणाऱ्याचा. बिजागरी बदलायची तर चौकट किडलेली, चौकट बदलायची तर भिंत फोडा. एका कामाच्या पोटात दुसरं काम निघतं आणि शेवटच्या कामाला परवानगी लागते. टेबलावरच्या घरात यातलं काही नाही. तिथे वरचा मजला नानांचा, खालचा नानांचा, सोसायटी नानांची. चाळीस वर्षं शासकीय टिपणांच्या खाली सही करून वर पाठवणाऱ्या माणसाला शेवटी एक इमारत अशी मिळाली, जिची फाइल कुठे जात नाही.

हळदीकुंकवाच्या दिवशी मात्र दोन्ही घरं एकाच खोलीत येतात. संध्याकाळी बायका जमतात. हातावर अत्तर, ओटीत भिजवलेले हरभरे, वाटीत कैरीची डाळ. सगळ्यांच्या माना टेबलाकडे वळतात. नाना खरं म्हणजे त्या दिवशी घराबाहेर असायला हवेत, पण ते कोपऱ्यात बटणाच्या सेलचं खोकं धरून उभे असतात. ते खटका दाबतात आणि बाहुलीघराच्या पडवीत दिवा लागतो. बायका “अगं बाई!” म्हणतात. पुढचा खटका, देवघरात समई. मग सलाइनची नळी आत फिरवून केलेला न्हाणीतला नळ. चिमटा सैल केला की बारीक धार, आवळला की बंद. थेंब नाही. न्हाणीला आतून टाचणीची कडी आहे आणि ती खरोखर लागते. एका बाईंनी ती तीनदा लावून पाहिली.

नंतर त्याच बाईंना हात धुवायचे होते. पॅसेजमध्ये अंधार होता, कारण होल्डर. न्हाणीघराच्या दारापाशी नानींची सून उभी राहिली आणि म्हणाली, “काकू, तुम्ही जा आत, मी बाहेर थांबते. कडी लागत नाही आमची.”

त्या वर्षी नानींनी अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरला आणि गौर उठायच्या आत प्लंबरला फोन केला. त्याने दहा मिनिटांत वायसर बदलला, वर कडीही बसवून दिली. मग तो टेबलापाशी गेला आणि बराच वेळ तिथेच रेंगाळला. पाणी कुठून घेतलंत, उतार किती दिलात, असं त्याने विचारलं. नानांनी दोन्ही चष्मे सारखे करून उतार समजावून सांगितला. जाताना प्लंबरने पैसे नानींकडून घेतले आणि नमस्कार नानांना केला. दिनदर्शिकेच्या समासातल्या दोन ओळी खोडल्या गेल्या. नानींनी त्या पट्टी लावून खोडल्या.

तेव्हा वाचकहो, तुमच्याही घरी असे नाना असतील तर नळासाठी त्यांची वाट पाहू नका, सरळ प्लंबर बोलवा. आणि डोंबिवलीच्या बाजूला राहत असाल तर एक विनंती. कुल्फीच्या काड्या, कोटाची सुटी बटणं, जुने वायसर टाकून देऊ नका. धुऊन, पुडी बांधून आमच्या वॉचमनकडे ठेवा. यंदा नाना गोठ्याच्या मागे पाटबंधारे खात्याचा कालवा काढणार आहेत.