बिनमताच्या पाठीराख्यास अनावृत पत्र

प्रति,
दादरचे राजकीय भाष्यकार (मुक्काम शिवाजी पार्कचा कट्टा) यांस,


राष्ट्रपतिपदाच्या 2007 सालच्या निवडणुकीत श्रीमती प्रतिभा पाटील यांना भाष्यकार महाशयांनी जो जाहीर, सविस्तर आणि वारंवार पाठिंबा दिला, त्याची दखल राज्यशास्त्राच्या ग्रंथांनी अद्याप घेतलेली नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत पत्राचा हा प्रपंच.

राज्यघटनेच्या 54 व्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपतीची निवड निर्वाचकगण करतो. निर्वाचकगण म्हणजे संसदेच्या दोन्ही सभागृहांचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य (विधान परिषदेच्या आमदारांनाही तेथे प्रवेश नाही, मग कट्ट्याची काय कथा). आमदाराच्या मताचे मूल्य काढताना राज्याच्या 1971 च्या लोकसंख्येला आमदारांच्या संख्येने भागतात आणि आलेल्या उत्तराला पुन्हा 1000 ने भागतात. महाराष्ट्राची तेव्हाची 5 कोटी 4 लाख लोकसंख्या आणि 288 आमदार यांतून 175 हा आकडा निघतो. म्हणजे परळच्या आमदाराचे मत 175, खासदाराचे त्या वर्षी 708, आणि त्याच जुलैत लालबागच्या कारखान्यात गणपतीच्या सोंडेवर पॉलिशपेपर घासत बसलेल्या कारागिराचे शून्य. तो 1971 नंतर जन्मला असेल, तर भागाकारातही त्याची गणती नाही. भाष्यकारांच्या मताचे मूल्यही शून्यच होते, परंतु ते त्यांनी आठवडाभर पुरवून पुरवून वापरले, हे त्यांचे कर्तृत्व.

पाठिंब्याचे कारण एकच होते: उमेदवार मराठी. याच कारणास्तव शिवसेनेने, भाजपच्या आघाडीत राहूनही, त्या आघाडीने पुरस्कृत केलेल्या भैरोसिंह शेखावतांना बाजूला सारून जळगावच्या लेकीला मते दिली, आणि दादरच्या सेनाभवनापासून गिरगावच्या चाळींपर्यंत मराठी मन सुखावले. श्रीमती पाटील यांचे पती देवीसिंह यांचेही आडनाव शेखावतच असल्यामुळे निकाल काहीही लागला तरी राष्ट्रपती भवनात एक शेखावत जाणारच होते, हा बारकावा मात्र महाशयांच्या लेखणीतून निसटला.

त्याहून मोठी गोष्ट निसटली ती 1969 ची. त्या वर्षी राष्ट्रपतिपदासाठी चिंतामणराव देशमुख उभे होते: रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर केंद्रीय अर्थमंत्री, आणि मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या बेताविरुद्ध 1956 मध्ये मंत्रिपदावर पाणी सोडणारे गृहस्थ. मराठीपणाची कसोटी लावायचीच, तर यापेक्षा चोख उमेदवार पुन्हा मिळणे नाही; परंतु त्यांच्या पाठीशी स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ एवढेच होते, महाराष्ट्राच्या विधानसभेत काँग्रेसचे बहुमत होते, आणि देशभरातून त्यांना पहिल्या पसंतीची मते 1,12,769 मूल्याची मिळून ते तिसरे आले. शिवसेनेला येथे दोष देता येत नाही, कारण तिचा पहिला आमदार, वामनराव महाडिक, परळच्या पोटनिवडणुकीतून निवडून आला तोच मुळी 1970 मध्ये. भाष्यकारांना आमदार लागत नाही. तरीही त्यांच्या 2007 च्या लेखमालेत देशमुखांचे नाव एकदाही नाही. पुढे 2012 मध्ये सेनेने बंगालच्या प्रणव मुखर्जींना मते दिली, तेव्हा महाशयांनी अनुभवाचे महत्त्व या विषयावर लिहिले. तत्त्वाचे आयुष्य पाच वर्षांचे असते, राष्ट्रपतींच्या मुदतीइतकेच, असा नियम यातून कोणी काढल्यास त्याला चूक म्हणता येणार नाही.

19 जुलै 2007 रोजी मतदान झाले. श्रीमती पाटील 6,38,116 विरुद्ध 3,31,306 अशा मतमूल्याने विजयी झाल्या, देशाला पहिली महिला राष्ट्रपती मिळाली, आणि कट्ट्यावर पेढे वाटले गेले ते जणू निर्णायक मत तेथूनच गेल्यासारखे.

त्याच वर्षी 1 फेब्रुवारीला मुंबई महापालिकेचीही निवडणूक झाली होती. तेथे भागाकार नसतो; गिरगावचे, दादरचे, लालबागचे प्रत्येक मत एक म्हणूनच मोजले जाते, आणि तरीही शहरातील निम्म्याहून अधिक मतदार त्या दिवशी केंद्राकडे फिरकले नाहीत. त्या निवडणुकीत महाशयांचा पाठिंबा कोणाला होता आणि त्यांच्या बोटाला शाई लागली होती का, एवढे उलट टपाली कळवावे.

शून्य मूल्याचा एक मतदार,
गिरगाव