चार लिंबं आणि एक पावती

आमची गाडी २०२२ च्या दसऱ्याची. आमच्या गावी, ईटला, दारात आणली तेव्हा आईनं चारी चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं, नारळ फोडला आणि मी गाडी पुढं घेताच चारही लिंबं फचकन फुटली. "झालं, आता काय बी होत न्हाय," आई म्हणाली. लिंबांचा खर्च वीस रुपये, मुदत नाही, किलोमीटरची अट नाही. कंपनीची वॉरंटी मात्र तीनच वर्षांची होती. ती संपायला आठवडा राहिला आणि फोन सुरू झाले. "सर, एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊन टाका. एकदा मुदत गेली की मिळत नाही." आणखी दोन वर्षांचे साडेसतरा हजार, अठरा टक्के जीएसटी त्यातच.

आमचा भाग खव्याचा. इथं मोठा आकडा ऐकला की माणूस मनातल्या मनात तो खव्यात मोडतो. किलोला अडीचशे धरले तर सत्तर किलो खवा. किलोभर खव्याला म्हशीचं पाच लिटर दूध आटतं, म्हणजे साडेतीनशे लिटर दूध. भट्टीपुढं घाम पुसत उलथणं फिरवणारा माणूस डोळ्यांपुढं आला आणि मी फोनवरच्या मुलीला "उद्या सांगतो" म्हणालो. असं चार दिवस सांगितलं.

त्या चार दिवसांत मी आयुष्यात पहिल्यांदा वॉरंटीचं पुस्तक वाचलं. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, एसीचा कॉम्प्रेसर, इलेक्ट्रॉनिक डबे हे सगळं आत. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, वायपर बाहेर. उंदरानं वायर कुरतडली तर बाहेर. पाणी शिरून इंजिन बसलं तरी बाहेर, त्यासाठी विम्यात वेगळी पुरवणी घ्यायची. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंड्याकडं पावसानं आणि पुरानं जे केलं ते बघून आठवडाही झाला नव्हता, त्यामुळं या ओळीवर माझं बोट जरा जास्त वेळ थांबलं. आमच्याकडं गाडीला जे जे होतं ते बाहेर, आणि मी आजवर ज्याचं नावही ऐकलं नव्हतं ते आत.

वर अट अशी की प्रत्येक सर्व्हिसिंग कंपनीच्याच वर्कशॉपात आणि वेळेवर झालेलं पाहिजे. एक चुकलं की हक्क गेला. अटींचं आम्हाला नवल नाही. पीक विम्यानं आम्हाला तयार केलंय. २०२३ च्या खरिपात सरकारनं एक रुपयात विमा दिला तरी नुकसान झाल्यावर ७२ तासांत कळवायची अट होतीच. रानात गुडघाभर पाणी आणि शेतकरी मोबाईलची रेंज धुंडत बांधावर. म्हशीच्या विम्याला कानातला बिल्ला लागतो. म्हैस मेल्याचं दुःख करता करता बिल्ला सापडतोय का हे बघणारी माणसं मी पाहिलीत.

स्टँडजवळ लिंबाच्या झाडाखाली बसणाऱ्या मिस्त्रीला विचारलं. बॉनेटमधून डोकं बाहेर न काढता तो म्हणाला, "सर, दोन वर्षं मी काय मरतोय का?" सल्ला निःपक्षपाती नव्हता. पण मी वॉरंटी घेतली तर त्याचं गिऱ्हाईक जाणार हे त्याला कळत होतं आणि मलाही कळत होतं. फोनवरच्या मुलीच्या बाबतीत एवढा उघडेपणा नव्हता.

या उघडेपणावरून आठवलं: जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढं २००१ मध्ये नोबेल मिळालं त्यात या निबंधाचा मोठा वाटा. अमेरिकेत खोडीच्या गाडीला 'लेमन' म्हणतात, म्हणजे लिंबूच! (आपण चाकाखाली ठेवतो, ते चाकावर ठेवतात.) अकेरलॉफचं म्हणणं असं की खोड विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्यांनाच कमी भाव सांगतो आणि चांगल्या गाडीचा मालक बाजारातून उठून जातो. त्यावर एक इलाज म्हणजे विकणाऱ्यानं हमी देणं. हे वाचून मला आजोबा आठवले. जनावरांच्या बाजारात हेडे उपरण्याखाली बोटं धरून सौदा करत असत. पण आजोबांचा विश्वास एकाच वाक्यावर. बिनखोडीच्या म्हशीचा मालक आपणहून म्हणायचा, "न्या घरी, तीन टाइम धार काढून बघा, मग पैसे द्या." त्या तीन धारांचे तो वेगळे साडेसतरा हजार मागत नसे.

इथं माझा घोळ सुटला. पहिली तीन वर्षं ही हमी होती, कंपनीनं आपल्या मालावर दाखवलेला भरवसा. पुढची दोन वर्षं हा विमा आहे, नाव काहीही असो. आणि विमा घेताना एकच विचारायचं: अचानक साठ-सत्तर हजारांचं बिल आलं तर आपलं काय होईल? रोज पुण्याला पळणाऱ्याचं, गाडीच्या हप्त्याखाली दबलेल्याचं वेगळं. माझी गाडी तीन वर्षांत पळाली सव्वीस हजार. भूम, बार्शी, वर्षातून एकदा तुळजापूर, लेकीकडं दोन-तीनदा. हिशेब स्वच्छ होता. घ्यायची नाही.

पाचव्या दिवशी मी ती घेतली.

कारण घरात विचारलं. बायको म्हणाली, "रात्री दोनला उठून गाडीच्या खर्चाचा विचार करणार तुम्ही. मला झोपू द्या." या कलमाचा उल्लेख पुस्तकात नव्हता.

आता वेगळाच त्रास सुरू झालाय. पैसे भरल्यापासून गाडीत काहीच बिघडत नाही. पूर्वी खुट्ट झालं की पोटात गोळा यायचा, आता मी कान देऊन वाट बघतो. एसी जरा कमी गार वाटला की आशा वाटते. परवा बार्शीहून येताना मागून कुईं-कुईं आवाज यायला लागला. खड्डा आला की मोठा, वळणावर बारीक. मी मनातल्या मनात पावती कुठल्या कप्प्यात आहे ते आठवलं आणि थेट लिंबाखाली गाडी घातली. मिस्त्री मागच्या सीटखाली वाकला आणि खव्याचा रिकामा डबा बाहेर काढला. झाकण सैल होतं.

"ह्याला वॉरंटी हाय का सर?" त्यानं विचारलं. डबा मांडीवर घेऊन मी घरी आलो. गाडी अगदी गप्प चालत होती.