तीन टक्क्यांची बिअर

आमच्या अमळनेरात बिअर घेणारा माणूस बाटली हातात आली की आधी टक्के वाचतो. कंपनी कोणती ते नंतर, आणि बाटली गार आहे का ते त्याच्याही नंतर. आठ टक्के दिसले की चेहरा खुलतो. पाच दिसले की बाटली मुकाट्यानं काउंटरच्या आत परत जाते. दहावीचा निकाल सोडला तर जिथे टक्क्यांकडे इतक्या आशेनं पाहिलं जातं, अशी गावातली ही दुसरी जागा. पाचपर्यंत सौम्य आणि त्यावर आठपर्यंत कडक, अशी सरकारनं वाटणी करून दिलेली आहे, आणि देशभर खप कडक बिअरचाच जास्त. तेव्हा आम्ही काही जगावेगळे नाही. बाहेर पारा चव्वेचाळिसाच्या पुढे, बोरी नदीच्या पात्रात नुसती वाळू, आणि खिशातला पैसा घामाचा. अशा वेळी एका रुपयाला किती चढली हा हिशेब कोणीही करणारच.

अशा गावात माझ्या भाच्यानं सुट्टीत येऊन जाहीर केलं, "मामा, मी सध्या तीन टक्क्यांची बिअर बनवतोय. हॉप्स मात्र भरपूर." तो पुण्यात एका मायक्रोब्रुअरीत कामाला आहे. पुण्याला या प्रकाराचं आता अप्रूप नाही; 2009 साली तिथे डूलॅली सुरू झाली आणि टाकीतून थेट ग्लासात येणाऱ्या बिअरची पुणेकरांना सवय लागली. पण आमच्या ओट्यावर एकदम शांतता पसरली. तिथे बसलेल्या आप्पांनी मनातल्या मनात आकडे मांडले असावेत. आठ टक्क्यांच्या 650 मिलीच्या बाटलीत 52 मिली अल्कोहोल असतो. तीन टक्क्यांच्या तेवढ्याच बिअरमध्ये जेमतेम साडेएकोणीस. मग त्यांनी विचारलं, "चढस नही, मंग पेवाना काय फायदा?"

साने गुरुजींनी 1924 ते 1930 या काळात जिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये मुलं घडवली आणि जिथे वैशाखात सखाराम महाराजांचा रथ निघतो, त्या गावात बिअरवर लिहायचं तर आधी जरा खाकरून घ्यावं लागतं. पण आप्पांचा प्रश्न मला बिअरचा वाटलाच नाही. एखाद्या वस्तूतून, लोक ती ज्यासाठी घेतात तेच काढून टाकलं, तर मागे उरतं ते काय? ती वस्तू की तिचं नुसतं सोंग? आमच्या गावात 1916 पासून प्रताप तत्त्वज्ञान मंदिर आहे. असले प्रश्न तिथे बसून सोडवायचे असतात. आप्पांनी तो ओट्यावर बसून, तोंडात शेंगदाणे असताना विचारला, एवढाच फरक.

शिवाय या प्रश्नाचं एक उत्तर अमळनेरनं फार पूर्वी कारखान्यात देऊन ठेवलं आहे. 1945 च्या डिसेंबरात महंमद हाशम प्रेमजींनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी काढली आणि तिचा कारखाना इथे उभा केला. तीच पुढे विप्रो झाली, आणि जुने शेअर ट्रंकेत विसरून गेलेली माणसं आळसाच्या जोरावर श्रीमंत झाली. पण सुरुवातीला तिथे कॉम्प्युटर नव्हता, वनस्पती तूप होतं. तेलात निकेलच्या मदतीनं हायड्रोजन मुरवायचा, की पातळ तेल पांढरं, घट्ट आणि रवाळ होतं. दिसायला तूप, पुऱ्या तळायला तूप, किमतीत मात्र तूप नव्हे. तुपात याची भेसळ होऊ लागली तर ती पकडता यावी म्हणून वनस्पतीत पाच टक्के तिळाचं तेल घालण्याची सक्ती सरकारनं केली होती. सोंगानं आपली ओळख खिशात बाळगलीच पाहिजे, असा तो कायदा.

वनस्पतीनं तुपाचं जवळपास सगळं घेतलं, फक्त त्याचा वास घेता आला नाही. भाच्याचा खटाटोप बरोबर उलटा आहे. त्याला बिअरचा वास हवा आहे, चव हवी आहे, आणि लोक जिच्यासाठी पैसे मोजतात ती नशा तेवढी कमी हवी आहे. मला हे वनस्पतीपेक्षा अवघड काम वाटतं.

अवघड का, ते त्यानं रात्री गच्चीवर सांगितलं. बिअरमध्ये पाणी घालून हे होत नाही. अल्कोहोल नुसता डोक्यात जात नाही. तो जिभेवर थोडा गोडवा आणि वजनही देतो. तो कमी केला की बिअर पाणचट लागते. म्हणून मुळात धान्य कमी घ्यायचं, आणि मोड आणून वाळवलेलं ते धान्य, म्हणजे माल्ट, गरम पाण्यात भिजवताना पाणी नेहमीच्या पासष्ट अंशांऐवजी सत्तरच्या आसपास ठेवायचं. त्या उष्णतेला माल्टमधली काही पाचकद्रव्यं लवकर थकतात आणि दुसरी काम करत राहतात. त्यामुळे पिष्टाचे असे तुकडे पडतात, की यीस्टला ते खाता येत नाहीत. यीस्ट अर्धपोटी राहतं, अल्कोहोल कमी होतो, आणि न खाल्लेले तुकडे बिअरला अंग देतात. जोडीला मूठभर ओट्स घातले की घोट मऊ होतो.

मग हॉप्स. ही भांगेच्या कुळातली वेल, पण घराण्याची कीर्ती तिनं अजिबात पुढे चालवलेली नाही. तिला थंडी लागते आणि उन्हाळ्यात लांबलचक दिवस लागतात, त्यामुळे आपल्याकडे ती हिमाचलातल्या लाहौलसारख्या भागातच थोडीफार होते. आमच्या खान्देशात लावली तर पहिल्या वैशाखातच तिची वासलात लागेल. तिच्या फुलांचे हिरवे तुरे तासभर उकळले की कडवटपणा उतरतो. आच बंद केल्यावर किंवा नंतर आंबवायच्या टाकीत घातले की नुसता सुगंध. सिट्रा नावाच्या जातीला लिंबाच्या सालीचा आणि पिकल्या आंब्याचा वास येतो. कडक बिअरला झेपणारा कडवटपणा तीन टक्क्यांच्या बिअरला झेपत नाही, तो अंगावर येतो. म्हणून उकळताना हात आखडता आणि शेवटी मात्र सढळ.

आणि इथेच गंमत आहे. हॉप्सच्या फुलांत स्वतःचीही थोडी पाचकद्रव्यं असतात. यीस्टला न खाता येणारे जे तुकडे भाच्यानं जपून ठेवलेले असतात, ते ही फुलं टाकीत गेल्यावर फोडून देतात. अर्धपोटी यीस्ट पुन्हा जेवायला बसतं आणि तीनचे साडेतीन व्हायला लागतात. ब्राउन आणि मॉरिस या इंग्रज शास्त्रज्ञांनी 1893 मध्येच हे नोंदवून ठेवलं होतं. सुगंधासाठी बोलावलेला पाहुणाच मागच्या दारानं नशेला आत घेतो! टाकी वेळेवर थंड केली नाही, तर सगळं संयमाचं व्रत मोडतं. ऐकता ऐकता मला त्या टाकीविषयी फार आपुलकी वाटली.

पुण्याला गेलो तेव्हा ती बिअर चाखली. नाकाशी ग्लास नेला आणि बाग आली. घोट घेतला तर मागून कडवटपणा आला, पण ओळख करून घेऊन आला. मग माझ्या लक्षात आलं, की कडक बिअरमध्ये नशा ही बनवणाऱ्याची वकील असते. पहिला ग्लास बेचव लागला तरी दुसऱ्यापर्यंत ती पिणाऱ्याचं मन वळवते आणि तिसऱ्याला सगळं माफ होतं. तीन टक्क्यांच्या बिअरला असा वकील परवडत नाही. तिथे प्रत्येक घोटाची साक्ष स्वतंत्र.

आप्पांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे पोऱ्यानं स्वतःचीच पंचाईत करून घेतली." अगदी खरं आहे. कडक पिऊन गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी फोन करतो तो मित्रांची माफी मागायला. भाच्याचं गिऱ्हाईक सकाळी ठणठणीत उठतं, थेट ब्रुअरीत फोन लावतं आणि सांगतं, की कालच्या बिअरला गेल्या खेपेपेक्षा आंब्याचा वास जरा कमी होता.